राहिलेल्या नऊ धावा

ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपल्या शाळेने ही व्याख्यानमाला चालविली आहे, त्यांनी आम्हांला वजाबाकी शिकविली ती एका निराळ्याच उदाहरणाने. फळ्यावर ते ४५२ लिहीत, त्याखाली ४४३ मांडीत आणि विचारीत, "बाकी किती?" आम्ही एका सुरात "नऊ" म्हणत असू. "उत्तर बरोबर. पण हे नऊ राहिले कुठे, ते कोण सांगेल?" यावर वर्गात शांतता पसरे. मग गुरुजी हातातील खडू खाली ठेवीत आणि पुण्याच्या एका मैदानाची गोष्ट सांगू लागत. ती संपली की फळ्यावर दुसरी वजाबाकी येई: ९५९ वजा ६०४, बाकी ३५५. "आता सांगा," ते म्हणत, "या दोन बाक्यांतली लाजिरवाणी कोणती?"

मी आयुष्यभर मराठी शिकविले. क्रिकेटचा जाणकार म्हणविण्याचा मला अधिकार नाही. तरीही व्याख्यानाचे निमंत्रण आले तेव्हा हाच विषय मनात आला. गुरुजींच्या त्या दोन वजाबाक्या एकाच संघाच्या एकाच मोसमातल्या होत्या. तो संघ महाराष्ट्राचा आणि तो मोसम १९४८-४९ चा. त्या मोसमाची हकीकत नीट मांडावी आणि गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर आता तरी देऊन पाहावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या काळाची थोडी ओळख करून घेऊ. रणजी करंडकाची स्पर्धा १९३४-३५ साली सुरू झाली. ज्यांच्या नावाने ती ओळखली जाते ते रणजितसिंहजी काठेवाडातील नवानगरचे जामसाहेब होते, हे ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा संबंध येणार आहे. स्पर्धेतला 'महाराष्ट्र' म्हणजे आजचे राज्य नव्हे. राज्य झाले ते १ मे १९६० रोजी. तेव्हाचा महाराष्ट्र संघ पुण्याभोवतीच्या मुलखाचा. मुंबईचा संघ वेगळा, बडोद्याचा वेगळा, इंदूरच्या होळकरांचा आणखी वेगळा. आपला कारवार जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता, त्यामुळे आमच्या वडीलमंडळींना पुण्या-मुंबईच्या सामन्यांची बातमी घरची वाटे. महाराष्ट्र संघाला प्रतिष्ठा मिळवून दिली ती प्रा. दि. ब. देवधर यांनी. संस्कृतचे हे प्राध्यापक कर्णधार असताना संघाने १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे करंडक जिंकला. १९४८ साल उजाडले तेव्हा देवधर निवृत्त झाले होते. त्यांनी घालून दिलेली धीराने डाव उभारण्याची शिस्त मात्र मागे होती.

'मोसम' हा शब्दही समजावून घ्यायला हवा. त्याच काळात अमेरिकेतील बेसबॉलच्या व्यावसायिक संघाच्या मोसमात १५४ सामने असत. खेळाडूला वेतन मिळे, करारनामा असे. आज हरलेला संघ उद्या भरपाई करू शके. आपल्याकडे रणजी स्पर्धा बाद पद्धतीची होती. एक सामना हरला की वर्ष संपले. खेळण्याबद्दल वेतन नव्हते. खेळाडू पोटासाठी संस्थानात, रेल्वेत, बँकेत किंवा एखाद्या कंपनीत नोकरी करी, आणि नोकरी बदलली की पुष्कळदा संघही बदले. होळकरांच्या संघाने १९४५-४६ साली म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा केल्या आणि त्या एकाच डावात सहा जणांनी शतके काढली. त्या सहांत कर्नल सी. के. नायडू होते, तसेच भाऊसाहेब निंबाळकर आणि कमल भांडारकरही होते. तीन वर्षांनी हेच दोघे महाराष्ट्राच्या बाजूने खेळत होते. आजच्या अर्थाने ते व्यावसायिक नव्हते, हौशीही नव्हते. खेळ हे त्यांचे जीवन होते आणि चूल दुसऱ्याच कामावर पेटत होती.

आता डिसेंबर १९४८. पुणे क्लबच्या मैदानावर महाराष्ट्र आणि काठेवाड यांचा सामना सुरू झाला. काठेवाडचा पहिला डाव २३८ धावांत आटोपला. महाराष्ट्राचा पहिला गडी बाद झाल्यावर भांडारकर आणि निंबाळकर यांची जोडी जमली. निंबाळकर मूळचे कोल्हापूरचे. १२ डिसेंबर १९१९ चा जन्म, म्हणजे चारच दिवसांपूर्वी त्यांना एकोणतीस पुरी झाली होती. या दोघांनी दुसऱ्या गड्यासाठी ४५५ धावांची भर घातली. १९३४ साली ओव्हलच्या कसोटीत ब्रॅडमन आणि पॉन्सफर्ड यांनी दुसऱ्याच गड्यासाठी ४५१ धावा केल्या होत्या. पुण्याच्या जोडीने त्या मागे टाकल्या. भांडारकर २०५ धावा करून बाद झाले. निंबाळकर खेळतच राहिले. आठ तास चौदा मिनिटे ते खेळपट्टीवर होते. ४९ चौकार आणि एक षटकार त्यांनी मारला. मध्यंतराला फलकावर महाराष्ट्राच्या ४ बाद ८२६ धावा होत्या आणि निंबाळकर ४४३ वर नाबाद होते.

प्रथम श्रेणीच्या क्रिकेटमधील सर्वोच्च वैयक्तिक धावसंख्या त्या वेळी ब्रॅडमन यांच्या नावावर होती: जानेवारी १९३० मध्ये सिडनीला क्वीन्सलँडविरुद्ध केलेल्या नाबाद ४५२. म्हणजे बरोबरीला नऊ हव्यात, पुढे जायला दहा. दोन-तीन षटकांचे काम. पण काठेवाडचे कर्णधार, राजकोटचे ठाकोरसाहेब, यांनी पुढे खेळण्यास नकार दिला. विक्रम ज्यांच्याविरुद्ध झाला तो संघ म्हणून आपले नाव कायमचे नोंदले जाऊ नये, हे त्यामागचे कारण सांगितले जाते. संघ सामना सोडून निघून गेला. निंबाळकरांचा डाव तेथेच थांबला. प्रतिपक्षच मैदानात नसेल तर फलंदाजाने चेंडू मारायचा तरी कोणाचा?

या ठिकाणी आमच्यातला एखादा मुलगा हमखास उठून म्हणे, "गुरुजी, हे आमच्याकडे रोज होते." ते खरेच होते. भात कापून झाले की मोकळ्या शेतात आमचा खेळ चाले. चेंडू चिंध्यांचा, बॅट माडाच्या झावळीचा बुंधा तासून केलेली. खरी बॅट गावात एकच, लाकूडव्यापाऱ्याच्या मुलाकडे. तो बाद झाला की बॅट काखेत मारून घरी जाई आणि खेळ संपे. ठाकोरसाहेबांची गोष्ट आम्हांला समजावून सांगावी लागली नाही.

तरी काठेवाडच्या बाजूनेही विचार करायला हवा, आणि गुरुजी तो करायला लावीत. पहिल्या डावाची आघाडी कधीच गेली होती. सामन्याचा निकाल स्पष्ट होता. ८२६ धावा होईपर्यंत चेंडूमागे धावणाऱ्या अकरा माणसांचे पाय काय म्हणत असतील? केवळ एका माणसाच्या विक्रमासाठी आम्ही किती वेळ राबायचे, असे कोणी विचारले तर त्यात काही तथ्य आहे. आणखी एक गोष्ट. फेब्रुवारी १९४८ मध्येच काठेवाडातील संस्थाने एकत्र करून नवे संघराज्य स्थापन झाले होते. ज्यांच्या शब्दाने वर्षापूर्वीपर्यंत राज्य चालत होते, त्यांचा शब्द चालण्याच्या जागा फार थोड्या उरल्या होत्या. क्रिकेटचे मैदान ही त्यांतली एक असावी. हे माझे अनुमान आहे. पण इतके समजून घेतल्यावरही मन राहून राहून एवढेच म्हणते की आणखी दोन-तीन षटके टाकली असती तर काठेवाडचे काही जास्त गेले नसते. रणजितसिंहजींचे नाव धारण करणाऱ्या स्पर्धेत, त्यांच्याच काठेवाडच्या संघाने मैदान सोडावे, याची रुखरुख वाटते.

भाषेच्या अभ्यासकाला येथे एक शब्द खुणावतो, तो म्हणजे 'बाद'. हिशेबाच्या वहीत रक्कम बाद करतात म्हणजे ती वजा करतात. तोच शब्द मराठीने खेळात आणला आणि त्याला 'ना' जोडून 'नाबाद' तयार केला. नाबाद म्हणजे ज्याला अजून कोणी वजा केलेले नाही तो. निंबाळकरांना काठेवाडच्या गोलंदाजांनी बाद केले नाही. ते नाबाद राहिले आणि त्यांचा डाव मात्र संपला. असे दोन्ही एका वेळी घडू शकते, हे आम्हांला त्या गोष्टीने प्रथम कळले.

त्या मोसमात अपुरेपण जणू हवेतच होते. वेस्ट इंडीजचा संघ प्रथमच भारताच्या दौऱ्यावर आला होता. फेब्रुवारी १९४९ मध्ये मुंबईच्या शेवटच्या कसोटीत भारताला विजयासाठी ३६१ धावा हव्या होत्या. विजय हजारे यांनी १२२ धावा केल्या आणि दत्तू फडकर अखेरपर्यंत टिकून राहिले. भारताच्या ८ बाद ३५५ झाल्या असताना, षटकातला एक चेंडू शिल्लक असतानाच खेळ थांबविला गेला. सहा धावा राहिल्या. फडकर ३७ वर नाबाद होते. या फडकरांची आपल्याला लगेच पुन्हा गाठ पडणार आहे.

कारण मार्च १९४९ मध्ये महाराष्ट्राचा उपांत्य सामना मुंबईशी पडला. गाव पुन्हा पुणेच. ५ मार्चला सुरू झालेला हा सामना ११ मार्चला, सातव्या दिवशी संपला. असे सामने निकाल लागेपर्यंत खेळण्याची तेव्हा रीत होती. वेळेचे कुंपण नसले की खेळाचे स्वरूप बदलते. घाई करण्याचे कारण राहत नाही, आणि कितीही मोठी आघाडी पुरेशी वाटत नाही. मुंबईने पहिल्या डावात ६५१ धावा केल्या. माधव मंत्री यांचे द्विशतक, उदय मर्चंट १४३, फडकर १३१. हे फडकर जन्माने कोल्हापूरचेच, निंबाळकरांच्या गावचे. पण आता मुंबईच्या बाजूने. महाराष्ट्राने उत्तरादाखल ४०७ केल्या. त्यांत दातारांच्या १४३ आणि मधू रेगे यांच्या १३३. मुंबईकडे २४४ धावांची आघाडी होती, तरी तिने पुन्हा फलंदाजी केली आणि ८ बाद ७१४ वर डाव सोडला. मर्चंटांनी या डावातही १५६ आणि फडकरांनी १६० धावा काढल्या.

आता महाराष्ट्रापुढे विजयासाठी ९५९ धावा होत्या. हा आकडा वाचतानाच हसू येते. दहा वर्षांपूर्वी, मार्च १९३९ मध्ये दरबानच्या अमर्याद कसोटीत इंग्लंडने ६९६ च्या पाठलागात ५ बाद ६५४ केल्या होत्या आणि परतीची बोट गाठायची म्हणून तो सामना अर्धवट सोडावा लागला होता. चौथ्या डावात एवढ्या धावा म्हणजे कमाल समजली जाई. महाराष्ट्राला त्याहून तीनशे अधिक हव्या होत्या. चार दिवस उन्हात धावून झालेले होते. सामना सोडून देण्याला डिसेंबरातील काठेवाडपेक्षा त्यांच्याकडे अधिक सबळ कारण होते.

ते खेळले. रेगे यांनी सामन्यातले आपले दुसरे शतक पुरे केले. एस. डी. देवधर यांनी १४६ धावा काढल्या. गडी पडत गेले, धावाही होत गेल्या. शेवटचा गडी बाद झाला तेव्हा फलकावर ६०४ होत्या. मुंबई ३५४ धावांनी जिंकली आणि पुढे अंतिम सामन्यात बडोद्याला हरवून करंडकही घेऊन गेली. पुण्याच्या या सामन्यात ३८ गडी बाद होऊन एकूण २३७६ धावा झाल्या आणि दोन्ही संघांच्या मिळून नऊ शतकांची नोंद झाली. प्रथम श्रेणीच्या एका सामन्यातील एकूण धावांचा तो विक्रम आजही उभा आहे.

गुरुजी तेव्हा शिक्षणासाठी पुण्यात होते आणि शेवटचा दिवस त्यांनी मैदानाच्या कडेला बसून पाहिला होता. "निकाल सर्वांना माहीत होता," ते सांगत, "खेळणाऱ्यांना तर पुरता माहीत होता. पण एकानेही बॅट फेकली नाही. मी उठून जाण्याचा दोनदा विचार केला, आणि दोन्ही वेळा मलाच लाज वाटली." त्यांच्या क्रिकेटविषयक ज्ञानाचा सारा ऐवज हा एवढाच. पण हाच दिवस त्यांनी पुढे तीस वर्षे शिकविला.

आता पुन्हा त्या दोन बाक्यांकडे येऊ. नऊ ही लहान बाकी, ३५५ ही मोठी. वरवर पाहता मोठी बाकी म्हणजे मोठे अपयश. पण दुसऱ्या वजाबाकीतील एकही धाव कोणी राखून ठेवली नव्हती. होती नव्हती ती सारी खर्चून उरलेली ती बाकी आहे. ती हरलेल्या संघाची आहे, पण तिच्यात कोणाला मान खाली घालावी लागत नाही. पहिली बाकी जिंकणाऱ्या संघाची, आणि तरीही तिच्याकडे पाहताना कोणाला तरी ओशाळे व्हावे लागते. ते निंबाळकरांना नव्हे. लहानपणी मी उत्तर देत असे की नऊची बाकी लाजिरवाणी, कारण निंबाळकरांवर अन्याय झाला. आज मी तेच उत्तर निराळ्या कारणासाठी देईन. निंबाळकरांचे त्यात फारसे उणे झाले नाही. नऊ धावा गेल्या त्या मैदान सोडणाऱ्यांच्या खात्यातून.

निंबाळकरांच्या पुढील आयुष्याने याला पुष्टीच दिली. त्यांना कसोटी सामना कधीच खेळायला मिळाला नाही. हजारे, अमरनाथ, मोदी, अधिकारी, फडकर अशी नावे ज्या फळीत होती तिच्यात जागा मिळणे कठीण होते हे खरे. तरीही चारशेवर धावा करणाऱ्याला एकही संधी न मिळावी, ही खंत राहतेच. ते वर्षानुवर्षे रणजी स्पर्धेत वेगवेगळ्या संघांकडून खेळत राहिले. ब्रॅडमन यांनी हा डाव आपल्या डावापेक्षा सरस असल्याचे त्यांना कळविले, असे सांगतात. जानेवारी १९५९ मध्ये कराचीला हनीफ महंमद यांनी ब्रॅडमनना मागे टाकले आणि पाचशेवी धाव घेताना ४९९ वर ते धावबाद झाले. १९९४ साली ब्रायन लाराने नाबाद ५०१ केल्या. म्हणजे त्या नऊ-दहा धावा मिळाल्या असत्या तरी जागतिक विक्रम दहाच वर्षे टिकला असता. भारतीय खेळाडूची प्रथम श्रेणीतील सर्वोच्च धावसंख्या मात्र निंबाळकरांचीच राहिली आहे. २००२ साली त्यांना कर्नल सी. के. नायडू पुरस्कार देण्यात आला. ११ डिसेंबर २०१२ रोजी कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. दुसऱ्या दिवशी त्यांना त्र्याण्णव वर्षे पुरी व्हायची होती. तेथेही थोडेसे राहिलेच.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा दिसली. त्या डावात ब्रॅडमन यांच्या नावाशी निगडित असे दोन आकडे निंबाळकरांच्या वाटेत होते. एक दोघांचा, ४५१ चा; तो ओलांडला गेला. दुसरा एकट्याचा, ४५२ चा, तो राहिला. दोघांनी मिळून करायचे काम पुरे झाले, कारण ते भांडारकरांच्या आणि त्यांच्या हातात होते. एकट्याच्या कामाला मात्र प्रतिपक्षाचीही साथ लागली. एकट्याचा म्हणून जो विक्रम आपण मिरवतो, त्यात समोर उभे राहून चेंडू टाकणाऱ्या अकरांचा वाटा केवढा असतो, हे ते अकरा निघून गेल्यावरच कळते.

आपल्या तालुक्यातील माणसाला या गोष्टी ऐकताना दुसरेही काही आठवल्यावाचून राहत नाही. ज्या शेतात आम्ही झावळीच्या बॅटने खेळलो, ते आज काळी नदीच्या धरणाच्या पाण्याखाली आहे. सुपे गाव गेले, तालुक्याचे ठाणे जोयड्याला आले. आमच्यापैकी कित्येकांचे डाव ते बाद न होताच संपले. घर, परसातला फणस, देवळापुढची जागा, सारे जसेच्या तसे नाबाद असताना सोडावे लागले. त्याचा हिशेब कोणत्याही धावफलकावर नाही.

गुरुजीही आमच्याबरोबर उठले. नव्या जागी त्यांचा पहिला वर्ग पत्र्याच्या छपराखाली भरला. मी तेव्हा महाविद्यालयात शिकवू लागलो होतो. सुटीत भेटायला गेलो तेव्हा त्यांची निवृत्ती अगदी जवळ आली होती, मुले जेमतेम दहा-बारा, पावसाचा आवाज एवढा की बोललेले ऐकू येऊ नये. मी म्हणालो, "गुरुजी, आजच्या दिवस सोडून द्या." ते हसले, फळ्याकडे वळले आणि त्यांनी ९५९ लिहून त्याखाली ६०४ मांडले. तास संपायला पंधरा मिनिटे होती. ती त्यांनी पुरी केली.